जॉबर बदलला, सूत तेच

परवा रविवारी सकाळी पार्क चौकात चहाच्या गाडीवर आमच्या ग्रुपमधी परत तेच भांडण झालं. एकाची एनबीएमधली, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधली, टीम सलग हरायली होती. पहाटे साडेपाचला उठून, बायकोची बोलणी खाऊन, आवाज बंद करून मॅच बघितलेला माणूस, डोळे लाल, हातात सुशीलाची (फोडणीच्या चुरमुऱ्यांची) प्लेट, आणि तोंडात एकच वाक्य, "आधी कोचला हाकला बे." टीमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी भांडण तेच असतंय. दरवर्षी जानेवारीत, आमच्या गड्ड्याच्या जत्रेच्या आसपास, एनबीएचा सीझन अर्ध्यावर येतो, ८२ पैकी चाळीसेक मॅच झालेल्या असतात, आणि अमेरिकेपासून सोलापूरपर्यंत सगळ्यांना एकाच आठवड्यात साक्षात्कार होतो की कोचला काही कळत नाही. आमच्यातला बँकवाला म्हणाला कोच नाही, स्टारच आळशी झालाय, डिफेन्सला परत पळत नाही. टायरवाला म्हणाला दोघंबी बदला, काय जातंय आपलं. अर्धा तास गेला, चहा दोनदा झाला, आवाज इतका वाढला की गाडीवाला पैसे मागायला लागला, पण ही टीम मुळात बांधली कुणी हे एकानंही विचारलं नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, शिव्या घालायच्या असतील तर इथंच घाला. सीझनच्या मधी कोच काढणारा मालक बहुतेक वेळा खरा निर्णय पुढं ढकलत असतो. कोच काढला जातो तो सगळ्यात जास्त चुकलाय म्हणून नाही, तो काढायला सगळ्यात सोपा आहे म्हणून. टीममधी पंधरा खेळाडू, त्यातल्या बहुतेकांचे करार गॅरंटीवाले, म्हणजे काढला तरी पैसे द्यायचे आणि वर तो आकडा सॅलरी कॅपमधी, म्हणजे टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेत, तसाच बसून ऱ्हातो. ट्रेड, म्हणजे दुसऱ्या टीमशी खेळाडूंची अदलाबदल, करायचा तर दोन्हीकडचे पगार जुळवायचे, आणि २०२३ च्या नव्या करारानंतर ज्या टीमा खर्चात 'सेकंड एप्रन' नावाच्या वरच्या रेषेच्या पुढं गेल्यात त्यांना दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडूसुद्धा आणता येत नाही. कोचचा पगार मात्र कॅपमधी धरतच नाहीत. एक फोन, एक प्रेस नोट, आणि असिस्टंटला म्हणायचं उद्यापासून तू बघ. पब्लिकला वाटतं मालकानं कायतरी केलं. हे वाटणं विकत घ्यायला कोचइतका स्वस्त माणूस अख्ख्या बिल्डिंगमधी दुसरा नाही.

मला हे बास्केटबॉलमुळं कळलं नाही, मामामुळं कळलं. मामा इथल्याच एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगतो, जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. माग बंद पडला, धोटा अडकला, की विणकर पहिली हाक जॉबरला मारतो. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर डॅमेज माल वाढला, दर दोन मिनिटाला ताणा, म्हणजे मागावरचा उभा धागा, तुटायचा, विणकर गाठी मारून मारून वैतागलेले, टॉवेलवर ती गाठ बोटाला लागायची. शेठनं दोन आठवडे आरडाओरडा केला आणि मामाला घरी बसवलं. मामा त्या दिवशी खिशात सुताचा एक तुकडा घेऊन आला होता, जेवणाच्या पाटावर बसून त्यानं तो दोन बोटांत धरून ओढून दाखवला, आवाजसुद्धा आला नाही, सुटल्यासारखा तुटला. किलोमागं थोडे पैसे वाचतात म्हणून शेठनं सूत बदललेलं. नवा जॉबर आला, पहिले आठ दिवस माल एकदम चोख, कारण विणकर घाबरून नजर ठेवून होते, नवा माणूसही रात्री अकरापर्यंत थांबायचा. नव्याचे नऊ दिवस. पंधराव्या दिवशी ताणा परत तुटायला लागला. तेव्हापासून मी कुठलीही टीम हरली की आधी सूत बघतो.

आता समोरच्यांचं सगळ्यात दमदार म्हणणं घेतो, कारण आमचा बँकवाला ते तोंडपाठ म्हणतो आणि त्याच्यात दम आहेच. सीझनच्या मधी कोच काढला आणि त्याच सीझनला चॅम्पियन झाले असं तीनदा झालेलं आहे. १९८१ च्या नोव्हेंबरात लेकर्सनी पॉल वेस्टहेडला काढलं, टीम ७-४ होती, म्हणजे सात जिंकलेल्या, चार हरलेल्या, सलग पाच मॅच जिंकलेली, तरी काढलं, कारण आदल्याच दिवशी टीमचा स्टार मॅजिक जॉन्सननं पत्रकारांना सांगितलेलं की मला ट्रेड करा. पॅट रायली आला आणि १९८२ चं टायटल घेऊन गेला. २००५ च्या डिसेंबरात मायामीमधी स्टॅन व्हॅन गंडी ११-१० वर बाजूला झाला, अधिकृत कारण कुटुंबाला वेळ द्यायचं, खुर्चीत परत रायलीच बसला, २००६ चं टायटल मायामीचं. आणि २०१६ च्या जानेवारीत क्लीव्हलँडनं डेव्हिड ब्लॅटला ३०-११ वर काढलं, ईस्टमधी, म्हणजे लीगच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात, पहिल्या नंबरला असताना, टायरन लू आला आणि जूनच्या फायनलमधी, सीझनला ७३ मॅच जिंकलेल्या वॉरियर्सला १-३ वरून हरवलं. हे काय तुक्के म्हणून उडवून लावता येत नाही. वेस्टहेडची ऑफेन्स खरंच जाम झालेली होती, ब्लॅटचं लेब्रॉन ऐकतच नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं. ज्या ड्रेसिंग रूममधी कोचचा शब्द मेलाय तिथं जूनपर्यंत थांबून काय करायचं, हा प्रश्न बरोबरच आहे.

पण ह्या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. तिन्हीकडं सूत पक्कं होतं. लेकर्सकडं मॅजिक आणि करीम, मायामीकडं वेड आणि शॅक, क्लीव्हलँडकडं लेब्रॉन, कायरी, लव्ह. तिन्हीकडं नवा माणूस घरातलाच होता, रायली आणि लू आधीपासून त्याच बेंचवर असिस्टंट होते, २००५ मधी रायली स्वतः टीमचा प्रेसिडेंट होता. म्हणजे घर बांधून तयार होतं, एका खोलीची कडी अडकलेली, ती उघडली. बाकीच्या टीमा हे बघतात आणि पाया खचलेल्या घराची कडी बदलत बसतात. (१९८१ च्या त्या प्रेस कॉन्फरन्सची गंमत माहीत आहे का? मालक जेरी बस यांना धड सांगता येईना की नवा कोच जेरी वेस्ट (टीमचा जुना स्टार) का पॅट रायली. शेवटी वेस्टनंच सांगितलं की मी रायलीच्या हाताखाली काम करतो. ज्या निर्णयाला लोक आज मास्टरस्ट्रोक म्हणतात तो घेताना अशी बोंब होती.)

आणि रायलीचीच पुढची गोष्ट आमचा बँकवाला कधी सांगत नाही. २०१० ला लेब्रॉन आणि बॉश मायामीत आले, वेड होताच, आणि पहिल्या १७ मॅचनंतर टीम ९-८. डॅलसमधी टाइमआउटला जाताना लेब्रॉनचा खांदा कोच स्पोलस्ट्राला लागला, मुद्दाम लागला का चुकून ह्याच्यावर अमेरिकेत आठवडाभर टीव्ही चालला. सगळे म्हणाले आता रायली खाली उतरणार, २००५ ला उतरला तसाच. विचार करा, हा माणूस स्वतः सीझनच्या मधी दुसऱ्याला काढल्यामुळं कोच झालेला, नंतर स्वतः तसंच एकदा दुसऱ्याच्या जागेवर येऊन बसलेला, दोन्ही वेळा टायटल मिळालेलं. 'मधीच कोच बदला' ह्या मताचा त्याच्याइतका फायदा जगात कुणाला झाला नाही. तरी तो उतरला नाही. २०११ ची फायनल डॅलसकडून हरले, लेब्रॉनची लाज निघाली, तरी नाही. २०१२ आणि २०१३ ला टायटल आली, आणि ज्याला हाकला म्हणून सगळे ओरडत होते तो स्पोलस्ट्रा लेब्रॉन गेल्यानंतरही मायामीचाच कोच आहे. १९८१ आणि २०१० मधला फरक रायलीला कळला, तीन नवीन मोठे खेळाडू एकत्र आले की सुरुवातीला धागा जुळायला वेळ जाणारच, ह्याच्यात जॉबरचा दोष नाही. आपल्याला हा फरक का कळू नये?

उलट बाजूचं उदाहरण तर इतकं सारखं आहे की बनवल्यासारखं वाटतं. २०२४ चा जानेवारी, मिलवॉकीनं एड्रियन ग्रिफिनला ३०-१३ वर काढलं. ब्लॅट ३०-११, ग्रिफिन ३०-१३, महिनाही तोच, दोन्ही टीमा टायटलच्या आशेवरच्या. डॉक रिव्हर्स आला, टीव्हीवर कॉमेंट्री करत होता तिथून उठून आला, आणि त्याच्या हाताखाली रेकॉर्ड झाला १७-१९. प्लेऑफच्या, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच राउंडला इंडियानाकडून बाहेर. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या सिरीजमधी टीमचा स्टार यानिस जखमी होता, एकपण मॅच खेळला नाही, त्यामुळं सगळं डॉकच्या डोक्यावर मी टाकत नाही, तसं केलं तर मी पण तेच करायलोय जे तुम्ही करता. प्रश्न त्याच्या आधीचा आहे. ग्रिफिनला काढायचं कारण काय तर डिफेन्स गळतंय. का गळत होतं? कारण २०२३ च्या सप्टेंबरात डेमियन लिलार्ड आणण्यासाठी ज्रू हॉलिडेला सोडलं, म्हणजे समोरच्या गार्डला अडवणारा लीगमधला सगळ्यात चिवट माणूस दिला आणि अडवणं ज्याचं कधीच काम नव्हतं असा माणूस घेतला. तो ज्रू फिरून बोस्टनला गेला आणि २०२४ चा चॅम्पियन झाला. सूत बदललं शेठनं, घरी गेला जॉबर.

डेनव्हरवरून माझं आणि बँकवाल्याचं खरं वाजलं. २०२५ च्या ८ एप्रिलला, फक्त तीन मॅच राहिलेल्या असताना, त्यांनी मायकल मलोनला काढलं, दोन वर्षांपूर्वी त्यांना पहिलं टायटल मिळवून दिलेला कोच, ४७-३२ रेकॉर्ड. डेव्हिड एडेलमननं तिन्ही मॅच जिंकल्या, क्लिपर्सला सात मॅचमधी हरवलं, चॅम्पियन झालेल्या ओक्लाहोमाला सातव्या मॅचपर्यंत ओढलं. बँकवाला म्हणतो, बघ, काढला आणि टीममधी जीव आला. बरं, जीव आला. पण मलोनची टीम २०२४ ला कुठं हरलेली? दुसऱ्याच राउंडला, सातव्याच मॅचमधी, मिनेसोटाकडून, वीस पॉइंटचा लीड घालवून. म्हणजे दोन कोच, दोन वर्षं, आणि गाडी अडकली ती त्याच गेटवर. कारण त्यांचा स्टार योकिच २०२४-२५ ला सरासरी ट्रिपल-डबल, म्हणजे तिन्ही आकडे दहाच्या वर, करत होता, २९.६ पॉइंट, १२.७ रिबाउंड, १०.२ असिस्ट, आणि तो दोन मिनिटं बसला की टीम दम टाकायची. २०२३ ला ब्रूस ब्राउन गेला, २०२४ ला कॉल्डवेल-पोप गेला, त्यांच्या जागी तसा माणूस आलाच नाही. आणि निदान डेनव्हरनं एक बरोबर केलं, मलोनबरोबर त्याच दिवशी जनरल मॅनेजर (जीएम, म्हणजे खेळाडू निवडून टीम बांधणारा माणूस) कॅल्विन बूथलाही काढलं. नवीन लोकांनी उन्हाळ्यात पहिलं काम काय केलं? कॅम जॉन्सन, व्हॅलनचूनस, हार्डवे ज्युनियर, आणि तोच ब्रूस ब्राउन परत. बेंच भरली. आजार कुठं होता हे औषधावरून कळतंच की. मलोनच्या अकरा दिवस आधी मेम्फिसनं टेलर जेंकिन्सला ४४-२९ वर काढलेलं, उरलेल्या नऊ मॅच ४-५, प्लेऑफमधी ओक्लाहोमाकडून ०-४, त्यातली पहिली मॅच ५१ पॉइंटनं. तिथं कुणाला जीव आला नाही.

आणि हा मलोन आपल्या आणखी ओळखीच्या घरातून हाकललेला आहे. सॅक्रामेंटो किंग्ज. २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममधी एनबीएच्या मॅच झाल्या तेव्हा आलेली टीम, समोर इंडियाना पेसर्स, आमच्यातला एकजण सिद्धेश्वर एक्सप्रेसनं जाऊन बाहेरूनच फोटो काढून आला, तिकीट परवडलं नाही. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, त्यामुळं आपल्याकडं त्यांचं कौतुक असतं आणि असावं. पण कोचच्या बाबतीत बघा. २०१४ च्या डिसेंबरात मलोनला ११-१३ वर काढलं, त्या वेळी टीमचा मुख्य खेळाडू डीमार्कस कझिन्स मेंदूज्वरानं आजारी होता. आजारी माणूस परत येईपर्यंत तरी थांबायचं! मग कॉर्बिन, मग जॉर्ज कार्ल, मग जोर्गर, मग ल्यूक वॉल्टन, त्यालाही २०२१ ला ६-११ वर मधीच, मग जेन्ट्री, मग माइक ब्राउन. ब्राउननं २०२३ ला १६ सीझनचा प्लेऑफचा दुष्काळ संपवला, एकमतानं कोच ऑफ द इयर झाला, आणि २०२४ च्या डिसेंबरात १३-१८ वर तोही घरी. पाच-सहा आठवड्यांत स्टार डिअॅरन फॉक्सही ट्रेड होऊन सॅन अँटोनियोला. तिथून गेलेला मलोन डेनव्हरला चॅम्पियन झाला, ब्राउनला न्यूयॉर्कनं घेतलं. इतक्या खुर्च्या बदलून २०२५ पर्यंत रणदिव्यांच्या काळात प्लेऑफ किती वेळा? एकदा. सातआठ डॉक्टर बदलले आणि ताप तसाच असला तर घरातलं पाणी तपासायला नको का?

ताप म्हणालो तर अजून एक. लोक म्हणतात नवीन कोच आला की टीम जिंकतेच, आम्ही बघितलंय. बघितलंय ते खरंच आहे. पण कोच काढतात कधी? टीम एकदम तळाला असली की, स्टार जखमी, सलग अवघड मॅच, नेम लागत नाही. तळाला गेलेली गोष्ट तशीही वर येते. स्टार बरा होतो, घरच्या मैदानावर सोप्या मॅच येतात, थ्री पॉइंटर परत पडायला लागतात. ताप उतरायच्या दिवशी ज्या बुवाचा अंगारा लावला त्या बुवाचा मठ मोठा होतो, आदल्या चार दिवसांच्या गोळ्यांचं नाव कुणी काढत नाही. आपण सगळे हसतो अशा बुवांवर आणि बास्केटबॉलमधी तेच करतो.

मग कोचला किंमतच नाही का, असं टायरवाला मला विचारत होता, तावातावानं. आहे बाबा, भरपूर आहे. २०१५ च्या फायनलमधी १-२ मागं असताना वॉरियर्सचा कोच स्टीव्ह कर यानं बोगट बसवून इग्वोडालाला सुरुवातीला उतरवलं आणि सिरीज फिरली, आयडिया एका पोरगेल्या असिस्टंटची होती, ऐकून घेणारा कोच होता. आपल्याकडंच बघा, चंद्रकांत पंडितांनी विदर्भाला लागोपाठ दोन रणजी मिळवून दिल्या, २०१७-१८ आणि २०१८-१९, मग २०२२ ला मध्य प्रदेशला दिली, तीही फायनलमधी मुंबईला हरवून. विदर्भाला रणजी मिळेल असं त्याआधी नागपुरातही किती जणांना वाटत असेल? तेव्हा कोच म्हणजे शोभेचा नारळ असं मी म्हणतच नाही. पण ही माणसं सीझन सुरू व्हायच्या आधी आलीत, खेळाडू ओळखायला वेळ मिळाला, शिस्त लावायला वेळ मिळाला, टीम निवडताना त्यांचं ऐकलं गेलं. शिकागोनं डग कॉलिन्सला काढलं ते १९८९ च्या जुलैत, कॉन्फरन्स फायनल (फायनलच्या आधीची फेरी) हरल्यावर, उन्हाळ्यात, आणि त्याच्या जागी आलेल्या फिल जॅक्सनलाही पहिल्या वर्षी डेट्रॉइटकडून तिथंच हार मिळाली, टायटल आलं १९९१ ला. डेट्रॉइट तर ताजं उदाहरण आहे, २०२३-२४ ला सलग २८ मॅच हरून १४-६८, सीझन संपल्यावर नवीन प्रेसिडेंट आणला, त्यानं माँटी विल्यम्सला काढून बिकरस्टाफला आणलं, आणि त्याच उन्हाळ्यात बीस्ली, टोबायस हॅरिस, हार्डवे असे नेम लागणारे खेळाडू भरले. पुढच्या वर्षी ४४-३८. इथं जॉबर बदलला, पण सूतही बदललं. कोच महत्त्वाचा आहे असं ज्यांना खरंच वाटतंय त्यांनी त्याला तीन दिवसांच्या प्रॅक्टिसवर टीम हातात देणं ही त्याची चेष्टा समजायला पाहिजे. सीझन चालू असताना एनबीएत प्रॅक्टिस होते तरी किती? आज इथं मॅच, रात्री विमान, उद्या तिकडं.

आपल्या मराठी माणसाला तर हे समजायला अमेरिकेत जायची गरजच नाही. संक्रांत आली की पानिपत निघतंच, आणि पानिपत निघालं की सदाशिवरावभाऊ. भाऊ हट्टी होते, भाऊंनी सूरजमल जाटाचं ऐकलं नाही, भाऊंनी हत्तीवरून उतरायला नको होतं. ह्यातलं काही खरं असेलही, भाऊंच्या चुका नव्हत्या असं मी म्हणत नाही. आणि लगेच दुसरं वाक्य, राघोबादादा गेले असते तर, अटकेपर्यंत गेलेला माणूस! पण १७६० च्या ऑक्टोबरात अब्दाली यमुना उतरून मधी आला, दिल्लीकडची रसद तुटली, पुण्याहून पैसा आणि कुमक वेळेवर पोचली नाही, लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू, बायकापोरं, बाजारबुणगे सगळे जेवायला, उत्तरेत दोस्त म्हणावा असा एक राजा शेजारी उभा नाही. ह्या अवस्थेत डिसेंबरात भाऊंना बोलावून घेऊन राघोबांना तंबूत बसवलं असतं तर कोठारात धान्य आलं असतं का? भाऊंवर बोट ठेवलं की पुण्याचे हिशेब बघायचे राहून जातात, आणि ते तेवढ्यासाठीच ठेवलं जातं. पुढच्या दहा वर्षांत १७७१ ला महादजी दिल्लीत गेले ते कुणी एक चमत्कारी सेनापती सापडला म्हणून नव्हे, माधवरावांनी आधी घर सावरलं, कर्जं, वसुली, निजाम, घरातलेच राघोबा, हे सगळं निस्तरलं, मग उत्तर.

स्टारचंही बघून घेऊ, कारण अर्धं भांडण तिथं असतं. बास्केटबॉलमधी मैदानावर पाचच माणसं, ४८ मिनिटांच्या मॅचमधी स्टार ३६-३८ मिनिटं खेळतो, त्यामुळं क्रिकेटच्या अकरापेक्षा इथं एका माणसाचं वजन लैच जास्त. म्हणून स्टारवर राग निघणं मी समजू शकतो, आणि परत न पळणाऱ्या स्टारला मी पण शिव्या घालतो, सकाळी सहाला, दबक्या आवाजात. पण 'एवढा मोठा स्टार आहे तर एकट्यानं जिंकवावं' हे वाक्य मात्र गल्लीतल्या भाईचं आहे. योकिचला जमलं नाही ते कुणाला जमणार? आणि स्टारचाच दोष आहे असं मानून बसल्यावर काय होतंय ते २०२५ च्या २ फेब्रुवारीला बघितलं. रविवार होता, साडेदहा-पावणेअकराचा सुमार, आम्ही खेळून सिमेंटच्या कोर्टवरच बसलो होतो, जाळी नसलेल्या रिंगखाली, आणि एकाच्या मोबाईलवर बातमी आली की डॅलसनं लुका डॉन्चिच लेकर्सना देऊन टाकला. पंचवीस वर्षांचा पोरगा, आठ महिन्यांपूर्वी ह्याच टीमला फायनलला नेलेला. टायरवाला म्हणाला फेक आहे बे, अकाउंट हॅक झालंय. दोन मिनिटं सगळे तेच समजलो. कारणं काय सांगितली, तर डिफेन्स, फिटनेस.

पण डॅलसच्या पब्लिकनं जे केलं ते मला ह्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. ते कोच जेसन किडच्या नावानं ओरडले नाहीत. घरच्या मैदानावर मॅच चालू असताना हजारो लोक एका सुरात जनरल मॅनेजर निको हॅरिसनच्या नावानं ओरडत होते, "निकोला काढा." मधी २०२५ च्या ड्राफ्टचा (नवीन पोरं निवडायच्या पाळीचा) पहिला नंबर त्यांना १.८ टक्के शक्यतेवर लागला, कूपर फ्लॅग मिळाला, दुसरीकडचं पब्लिक असतं तर सगळं विसरलं असतं. हे विसरले नाहीत. टीम ३-८ असताना, ११ नोव्हेंबर २०२५ ला निको हॅरिसन गेला. कोच तसाच राहिला. हरल्यावर योग्य माणसाचं नाव घेणारं पब्लिक मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितलं, आणि त्यासाठी त्यांना आधी लुका गमवावा लागला.

ओक्लाहोमा थंडरचं उदाहरण मी भांडणात शेवटी काढतो कारण त्याच्यावर उत्तर येतं की ओक्लाहोमाला नशीब मिळालं. मार्क डेग्नॉ कोच झाला २०२० ला. पहिलं वर्ष २२-५०, दुसरं २४-५८. आमच्या चहाच्या गाडीवर हा माणूस किती वेळा घरी गेला असता? मग ४०-४२, मग ५७-२५, मग ६८-१४ आणि २०२५ चं टायटल. मान्य, त्यांनी मुद्दाम कमकुवत टीम ठेवली, ड्राफ्टचे नंबर साठवले, आणि २०१९ ला पॉल जॉर्जच्या बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर मिळाला तो मोठा योग. पण मी तेच तर म्हणतोय. त्यांचा जीएम सॅम प्रेस्टीनं सूत आणलं, कोचला सांगितलं तुला वेळ आहे, आणि २२-५०, २४-५८ च्या वर्षांत कुणाचं डोकं उडवून पब्लिकला खूश केलं नाही.

हे सगळं मी त्या रविवारी एवढं नीट बोललो नाही, तिथं मी पण ओरडतच होतो. शेवटी लाल डोळ्यांच्या मित्रानं प्लेट खाली ठेवली आणि म्हणाला, "पण कोच टीव्हीवर दिसतोय रे. हात बांधून उभा ऱ्हातो, कॅमेरा त्याच्यावरच जातोय. तुझा तो जीएम कुठं दिसतोय? शिव्या घालायच्या कुणाला?" ह्याच्यावर माझ्याकडं पटकन उत्तर नव्हतं. मग त्यानंच विचारलं, माझ्या टीमच्या जीएमचं नाव काय सांग बरं. बँकवाल्यानं टायरवाल्याकडं बघितलं, टायरवाल्यानं माझ्याकडं. पहाटे पाचला उठून आठआठ वर्षं मॅच बघणारी चार माणसं. मला खिशातून मोबाईल काढावा लागला.